बदल कसा?

फोनसमोर तोंड नेऊन मी स्पष्ट म्हटलं, ‘बोदलकसा’. पडद्यावर उमटलं, ‘बदल कसा’. दुसऱ्यांदा गुरुजी शुद्धलेखन घालतात तसं तोडून तोडून सांगितलं. पुन्हा ‘बदल कसा’. फोनला दोष देण्यात अर्थ नव्हता. आवाज ऐकून अक्षरं उमटवणारी यंत्रणा जितकी कानावर चालते तितकीच अंदाजावर चालते. कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो याचा हिशेब तिच्यापाशी असतो. ‘बदल’ आणि ‘कसा’ हे रोजच्या बोलण्यातले शब्द, त्यांच्यापुढे रानातल्या एका तलावाच्या नावाचा काय पाड लागणार! पण मी ज्या कामाला निघालो होतो त्याला हा प्रश्न इतका चपखल बसत होता, की तो तसाच वहीत उतरवून घेतला.

काम म्हणजे एक पैज. तीन दिवस गूगलशिवाय काढायचे. पुतणी म्हणाली होती, “काका, तुम्ही गूगलला सोडाल हो, पण ते तुम्हाला सोडेल का?” मी एक जुना फोन काढला, त्यात गूगलचं काहीही नसलेली अँड्रॉइडची मोकळी आवृत्ती घालून घेतली आणि बोदलकशाला जायचं ठरवलं. गोंदिया जिल्ह्यात तिरोडा आणि गोरेगाव यांच्या मधल्या जंगलपट्ट्यात हा तलाव आहे. १९१७ साली पुरं झालेलं मातीचं धरण, भोवती टेकड्या, आणि पाण्यापर्यंत उतरलेलं रान. जंगलात नेटवर्क जेमतेमच असणार, मग गूगल नसल्यानं अडणार काय, असा माझा हिशेब. तो किती कच्चा होता हे घरातून निघण्याआधीच कळलं.

गूगल सोडायचं म्हटलं की आधी डोळ्यांपुढे येते ती शोधाची पांढरी चौकट. ती सोडणं सगळ्यात सोपं. डकडकगो वापरा, असा सल्ला कुणीही देतो. पण डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात, आणि स्टार्टपेज नावाची सेवा तर गूगलचेच निकाल तुमची ओळख झाकून आणून देते. पोहरा वेगळा, विहीर तीच. अख्खं जाळं स्वतः धुंडाळून स्वतःची सूची बांधणाऱ्या सेवा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ब्रेव्हची आहे, ब्रिटनमधल्या मोजीकची आहे. जगभरची पानं पुन्हा पुन्हा वाचत राहायची तर यंत्रांची कोठारं लागतात. ती चार-दोन कंपन्यांनाच परवडतात.

मेलचं दुखणं निराळं. जीमेल आलं १ एप्रिल २००४ रोजी. इतर सेवा चार-दोन एमबी जागा देत होत्या तेव्हा यांनी एक जीबी देऊ केली. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. आपण सगळे तिकडे गेलो आणि मग तोच पत्ता बँकेत दिला, गॅसवाल्याला दिला, विम्याच्या कागदावर लिहिला, मुलांच्या शाळेत नोंदवला. आता दुसरीकडे खातं उघडायला पाच मिनिटं लागतात, पण वीस वर्षं जिथं जिथं तो पत्ता दिला ती सगळी ठिकाणं आठवायला जन्म पुरायचा नाही. याउलट एक उदाहरण ताजं आहे. केंद्र सरकारनं आपल्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचा मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेला. पत्त्यांची शेवटची अक्षरं मात्र होती तीच राहिली, कारण ते नाव सरकारचं स्वतःचं आहे. पत्ता आपल्या मालकीचा असेल तर पोस्टमन बदलता येतो. आपला पत्ता मुळात पोस्टमनच्या घरचा आहे.

मराठी माणसाला त्याहून जवळची अडचण कीबोर्डची. ‘mi yeto’ असं रोमनमध्ये टंकायचं आणि ‘मी येतो’ उमटायचं, ही सवय बराहा आणि गमभनच्या काळापासूनची. गूगलच्या कीबोर्डनं ती घरोघरी नेली. माझ्या मोकळ्या फोनवर इंडिक कीबोर्ड नावाचं मुक्त ॲप होतं, त्यात मराठीही होती. पण पैजेचा मान राखून मी इनस्क्रिप्टला हात घातला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं, ही ती मांडणी. १९९१ पासून ती भारतीय मानकात आहे. पहिल्या दिवशी मला ‘पोहोचलो, काळजी नको’ लिहायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. पण ती मांडणी उद्या कुणी बंद करू शकत नाही, हे मात्र बोटं अडखळतानाही आवडून गेलं. गूगलचं संगणकावर उतरवून घ्यायचं मराठी टंकनसाधन मागेच काढून टाकण्यात आलं. त्याच्यावरच विसंबलेल्या किती टंकलेखकांनी तेव्हा जुनी फाईल एकमेकांकडून पेनड्राइव्हवर मागून घेतली ते मी पाहिलंय.

इथपर्यंत जे सांगितलं ती दिसणारी दुकानं. खरी गंमत जमिनीखाली आहे.

अँड्रॉइड ही मुळात मुक्त प्रणाली. तिचा मूळ कोड कुणीही घेऊन फोनमध्ये घालू शकतो. पण आपण ज्याला अँड्रॉइड म्हणतो त्यात ‘प्ले सर्व्हिसेस’ नावाचा एक बंद थर असतो, आणि तो गूगलचा आहे. फोनवर संदेश आला की टिंग वाजतं, ते बहुतेक ॲपांच्या बाबतीत या थरातून वाजतं. प्रत्येक ॲपनं आपापल्या कंपनीशी सतत धागा जोडून ठेवला तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून सगळ्यांसाठी एकच धागा, आणि तो गूगलच्या यंत्रांशी. बसचे उतारू उतरतात तसे सगळ्यांचे निरोप एकाच थांब्यावर उतरतात. तो थर काढला की काही ॲप मुकी होतात, काहींचे निरोप उशिरा येतात आणि काही उघडायलाच नकार देतात. माझ्या बँकेच्या ॲपनं तेच केलं. ‘हे उपकरण सुरक्षित नाही’, एवढं सांगून ते मिटलं. फोन खरोखर असुरक्षित होता का? तसं काही नाही. फोन विश्वासू आहे की नाही याचा दाखला गूगलकडून मागायचा आणि तो मिळाला नाही तर दार लावायचं, अशी सोय अनेक बँका वापरतात. तलाठ्याचा दाखला नाही म्हणून माणूसच नाही, त्यातला प्रकार.

याच्याही खाली तिसरा थर आहे, आणि तो आपल्या फोनमध्ये नसतोच. तो दुसऱ्यांच्या पानांत असतो. २०१९ साली कश्मीर हिल या अमेरिकी पत्रकार बाईंनी पाच बड्या कंपन्या एकेक आठवडा आयुष्यातून काढून टाकायचा प्रयोग केला. ध्रुव मेहरोत्रा या तंत्रज्ञानं त्यांच्यासाठी एक गाळणी बनवली. गूगलच्या यंत्रांकडे जाणारं काहीही ती अडवायची आणि मोजायची. बाईंनी स्वतः गूगलचं काही उघडलं नव्हतं, तरी आठवडा संपेपर्यंत त्यांच्या उपकरणांनी गूगलचं दार लाखाहून जास्त वेळा ठोठावलं होतं. उबर चालेना, कारण तिच्या पोटात गूगलचा नकाशा. स्पॉटिफाय गाईना, कारण त्याचा मुक्काम गूगलच्या यंत्रांवर. साधी बातमीची पानंही रेंगाळत होती, कारण त्यांची अक्षरं गूगलकडून यायची.

अक्षरांचं हे प्रकरण आपल्याला फार जवळचं आहे. मराठीतली कितीतरी संकेतस्थळं ‘मुक्ता’ हा देखणा टंक वापरतात. तो घडवला मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं, आणि तो मुक्त परवान्यानं सर्वांना खुला आहे. उतरवून आपल्याच यंत्रावर ठेवला तर कुणाला विचारायचं कारण नाही. पण आळसानं म्हणा किंवा सोयीनं, पान बनवणारा एक ओळ टाकून तो गूगलच्या कोठारातून मागवतो, आणि मग पान उघडणाऱ्या प्रत्येकाचा इंटरनेट पत्ता तिथं पोहोचतो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये एवढ्याच कारणावरून एका संकेतस्थळाच्या मालकाला शंभर युरो भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ, पण त्यानंतर तिकडच्या कितीतरी लोकांनी अक्षरं आपल्या घरी आणून ठेवली.

म्हणजे निग्रहाचा प्रश्न फार लहान आहे. मोठा प्रश्न, वस्तू हातात येते तेव्हा तिच्यात आधीच काय भरलेलं असतं हा. भारतीय स्पर्धा आयोगासमोर हाच मुद्दा आला होता. तिघा तरुणांच्या तक्रारीवरून २०१९ मध्ये चौकशी लागली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च, क्रोम, यूट्यूब यांच्यासह ॲपांची अख्खी जुडी घ्यावी लागायची आणि तीही ठरलेल्या जागी मांडावी लागायची. किराणा दुकानदारानं साखरेबरोबर चहापत्तीही गळ्यात मारावी, तसं. पुढे अपील लवादानं दंड कायम ठेवला, काही निर्देश मात्र रद्द केले. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात आकडे आणखी उघडे पडले. आपलाच शोध आधीपासून बसवलेला असावा म्हणून गूगलनं २०२१ या एका वर्षात वेगवेगळ्या कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलला मक्तेदार ठरवलं. वर्षभरानं उपाय सांगताना क्रोम विकायची सक्ती मात्र त्यांनी केली नाही. लोक सहज बदलतात असं गूगल सांगत आलं होतं. मग इतके पैसे लोकांनी बदलू नये म्हणून मोजले का?

आमच्या पूर्व विदर्भात या सगळ्याला एक जुना शब्द आहे, मालगुजारी.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात सहा हजारांवर जुने तलाव आहेत. त्यांचं सरकारी नाव माजी मालगुजारी तलाव, लोकांचं नाव मामा तलाव. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजांच्या काळात यातले कितीतरी बांधले. पाणी कुठून येईल, बांधाची पार कुठं घालावी, पाणी सोडायचं तुडूम कुठं ठेवलं म्हणजे खालच्या बांध्यांना पाणी पुरेल, हे त्यांना जमिनीकडे बघून कळायचं. इंग्रजी अमलात मालगुजाराला गावाची मालकी मिळाली आणि तलाव त्याचा झाला. पाणी सगळ्यांना मिळायचं, धान पिकायचं, गुरं प्यायची. मालगुजार वाईटच असायचा असंही नाही, पुष्कळ जण स्वतः उभं राहून गाळ काढून घ्यायचे. पण पाणी कधी सुटेल, कुणाला आधी, कुणाला मागून, हे त्याच्या ओसरीवर ठरायचं. तुम्ही पाण्याचे मालक नव्हता, त्याच्या मर्जीतले होता.

गूगल मला या मालगुजारासारखं वाटतं. तलाव खरोखर चांगला बांधलाय, पाणीही फुकट आहे. खरं तर फुकट म्हणणं भाबडेपणाचं, कारण आपण काय शोधतो आणि कुठं फिरतो हाच इथला धारा आहे. पण मला जास्त खुपतं ते ओसरीवर ठरण्याचं. २०१४ च्या सप्टेंबरअखेर ऑर्कुट बंद झालं, त्याआधी २०१३ मध्ये गूगल रीडर गेलं होतं. वापरणाऱ्यांना विचारलं नाही, फक्त कळवलं.

आता या उपमेची दुसरी बाजू. ती सोयीची नाही, पण टाळली तर लबाडी होईल. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. आनंद झाला. पण गाळ कुणी काढायचा? पार खचली तर मुरूम कुणी टाकायचा? मालक गेला आणि सांभाळणाराही गेला. शेकडो तलाव गाळानं उथळ झाले, त्यांत बेशरम नावाची वनस्पती माजली. ज्या काही तलावांचं पुढे पुन्हा बरं झालं तिथं कुणीतरी पाण्यात उतरलं होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं अर्जुनी मोरगावकडे ढिवरांच्या मासेमार संस्थांना सोबत घेऊन बेशरम उपटली, तलावातल्या मूळच्या वनस्पती परत लावल्या, आणि नाहीसे झालेले देशी मासे परतले. मुक्त सॉफ्टवेअरचंही अगदी असंच आहे. माझ्या जुन्या फोनमधली ती मोकळी प्रणाली कुणीतरी रात्री जागून, बिनपगारी सांभाळतो. त्यानं हात काढून घेतला की तिथंही बेशरम उगवणार.

बोदलकशाच्या धरणावर चढलो तेव्हा सकाळचे आठ झाले होते. फोन काढला आणि नकाशात स्वतःचा निळा ठिपका शोधायला लागलो. ठिपका नव्हता. जीपीएस म्हणजे गूगलचं काहीतरी, असा पुष्कळांचा समज असतो. त्या उपग्रहांशी गूगलचा काही संबंध नाही. ते वीस हजार किलोमीटरवरून स्वतःची वेळ आणि जागा सांगत फिरतात, चारांचं ऐकू आलं की फोन आपली जागा स्वतः काढतो, इंटरनेट नसलं तरी. फक्त बोलणं फार सावकाश असतं, सेकंदाला ५० बिट. एका उपग्रहाचा पत्ता नीट ऐकायलाच अर्धं मिनिट जातं. एरवी ही माहिती इंटरनेटवरून आयती मिळते, म्हणून ठिपका चटकन उमटतो. मी फोन आकाशाकडे धरून उभा राहिलो. समोर पाण्यावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता. तोही तसाच, हात पसरून. दीड-दोन मिनिटांनी ठिपका धरणाच्या पारीवर बरोबर उतरला.

नकाशा होता ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा लोक भरतात आणि तो लोकांचाच राहतो, अख्खाच्या अख्खा उतरवून घेता येतो. ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ॲपमध्ये महाराष्ट्र आधी भरून घेतला की रानातही चालतो. लोकांकडून नकाशा भरून घ्यायची युक्ती गूगलनंही केली होती. मॅप मेकर ही त्यांची सेवा २००८ ची, ती घडली बेंगळुरूच्या चमूकडून, आणि भारतातल्या हजारो लोकांनी आपापल्या गावच्या गल्ल्या, देवळं, दवाखाने तीत हौसेनं घातले. ३१ मार्च २०१७ रोजी ती बंद झाली. घातलेलं वाया गेलं नाही, ते गूगलच्या नकाशात मुरलं. म्हणजे तलाव गावानं खणला आणि पार मालगुजाराच्या नावे चढली. या इलाख्यात ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

उतरून चहाच्या टपरीवर आलो. दहा रुपये द्यायचे होते आणि खिशात पाचशेची नोट. देशातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास यूपीआय व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपांतून होतात, पण यूपीआय स्वतः त्या दोघांपैकी कुणाचीच नाही. साध्या फोनवरून *९९# फिरवलं तरी इंटरनेटशिवाय पैसे जातात. मी मोठ्या तोऱ्यात ते फिरवलं. पर्यायांची यादी आली, समोरच्याचा नंबर मागितला.

“बाबा, नंबर सांगा ज्याच्यावर पैसे येतात तो.”

“मले काय माहीत जी? थो कागद पोरानं लावला. पोरगा नागपुरात रायते.”

क्यूआरचं चित्र वाचायला *९९# ला डोळे नाहीत. माझी तांत्रिक विजययात्रा तिथंच थांबली. त्यांनी पाचशेची नोट उलटसुलट पाहिली, परत दिली आणि म्हणाले, “जाताना द्या.”

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एक बोडी लागली. बोडी म्हणजे शेताच्या डोक्याशी असते ती लहान तळी. माझ्या नकाशावर तिचा निळा आकार होता, नाव नव्हतं. बांधावर एक म्हातारेबाबा शेळ्या घेऊन बसले होते. त्यांना नाव विचारलं. ते म्हणाले, टेंभराची बोडी. एवढ्यात मोळी घेऊन एक बाई आल्या, त्यांनी ऐकलं आणि तिथंच थांबल्या. “टेंभर कुठी आहे आता? पाटलाची बोडी म्हनतेत जी हिले.” बाबा म्हणाले, पाटील मेला त्याला किती वर्षं झाली, टेंभराचं झाड मी स्वतः पाहिलंय. बाई म्हणाल्या, मग पाटलाला मी पाहिलंय. मी काय लिहू म्हणून विचारलं, तर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू तलाठीच आलाय.

या नकाशात एका जागेला दोन नावं देता येतात, एक मुख्य आणि एक पर्यायी. मुख्य जागी टेंभर घातलं, पर्यायी जागी पाटील. इनस्क्रिप्टवर ‘टेंभराची’ टंकायला मला तेव्हा पुरतं एक मिनिट लागलं, बाबा पडद्यात डोकावून बघत होते. नेटवर्क नव्हतं, नोंद फोनमध्येच पडून राहिली. टपरीवर थांबून दहा रुपये दिले. तिरोड्याजवळ आल्यावर फोनला रेंज आली आणि नोंद वर गेली.

रात्री पुतणीला फोन करून सगळं सांगितलं. बोडीचं ऐकून तिला खरंच आनंद झाला.

“कित्ती छान, काका! गूगलवर दिसते का?”